परदेशात पत्रकारिता शिकायची, तर इंटर्नशिपचा विचार आधी करा : इंदूरच्या विद्यार्थ्यांसाठी

दर वर्षी दिवाळीच्या सुमारास राजेंद्रनगर, लोकमान्यनगर किंवा रामबागेतल्या कुठल्यातरी घरातून मला फोन येतो. फोनवर बहुधा आई किंवा काका असतात, मुलगा वा मुलगी शेजारी बसलेली असते आणि प्रश्न ठरलेला असतो : "परदेशात पत्रकारितेसाठी चांगलं विद्यापीठ कोणतं?" मी उलट विचारतो, "शिकत असताना आणि शिकून झाल्यावर तिथे पत्रकार म्हणून काम करण्याची परवानगी तुम्हाला मिळणार आहे का, आणि किती?" हा प्रश्न बहुतेक घरांत कोणी विचारलेला नसतो.

त्याचे कारण उघड आहे. आपल्याकडे परदेशी शिक्षणाची सारी चर्चा अभियंत्यांच्या अनुभवावर बेतलेली असते. पत्रकारितेचे तसे नाही. संपादक पदवी नंतर पाहतो, आधी तुमची कात्रणे पाहतो. परदेशी वृत्तपत्राच्या किंवा वाहिनीच्या कात्रणांसाठी तिथल्या वृत्तकक्षात बसावे लागते, आणि तिथे बसू द्यायचे की नाही हे विद्यापीठाइतकेच तुमच्या व्हिसावरचा शेरा ठरवतो. म्हणून या लेखात मी नेहमीचा क्रम थोडा उलटा ठेवला आहे. प्रवेशाच्या सुमारे दीड वर्ष आधी तयारीला लागावे, असे मी धरून चालतो.

पहिली पायरी : इंदूर सोडण्याआधीची कात्रणे

इंदूरच्या विद्यार्थ्याला आपल्या गावाची पुण्याई पुष्कळदा ठाऊकच नसते. १९४७ मध्ये येथे सुरू झालेल्या 'नईदुनिया'ने हिंदी पत्रकारितेला राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी दिले, आणि ज्यांच्या संपादकत्वाखाली तो वृत्तपत्राचा कारखाना घडला ते राहुल बारपुते मराठी घरातले होते. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि कागदावर इंग्रजी ही आपली रोजची कसरत परदेशी अर्जात मोठी जमेची बाजू ठरते. मात्र ती तशी मांडावी लागते.

पोर्टफोलिओसाठी पंचवीस बातम्या गोळा करण्यापेक्षा पाच-सहा चांगल्या असाव्यात, आणि त्यांपैकी निदान तीन अशा असाव्यात की ज्या इंदूरबाहेरच्या माणसाने लिहिल्याच नसत्या. एक उदाहरण घेऊ. स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक, हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पहिल्या इंग्रजी बातमीत असते आणि ते वाचणाऱ्या निवड समितीला त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी एका विद्यार्थिनीला मी सांगितले की, सकाळी तुझ्या दारात येणाऱ्या कचरागाडीत तू टाकलेली केळीची साल संध्याकाळपर्यंत कुठे पोहोचते एवढेच शोध. ती गाडीच्या मागोमाग हस्तांतर केंद्रावर गेली आणि तिथून देवगुराडियाला, जिथे फेब्रुवारी २०२२ पासून दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प आहे. गाडीवरच्या मदतनिसाचा दिवस किती वाजता सुरू होतो, मिसळलेला कचरा आला तर तो काय करतो आणि घरमालकिणीशी त्याचा काय संवाद होतो, हे तिने टिपले. त्या बातमीत प्रकल्पाचा आकडा एकदाच आला. बाकी सगळा मजकूर पाहिलेला होता. जलूदहून उपसून इंदुरात आणलेल्या नर्मदेच्या पाण्यावर, किंवा महानगरपालिकेच्या ८५ वॉर्डांपैकी आपल्या एका वॉर्डाच्या अंदाजपत्रकावर असेच काम होऊ शकते.

हिंदी किंवा मराठी बातम्या अर्जाला जोडायला हरकत नसते, पण त्यांची नुसती भाषांतरे जोडू नयेत. मूळ कात्रण, त्याखाली शे-दीडशे शब्दांचा इंग्रजी सारांश आणि त्यात तुमचे नेमके काम कोणते, म्हणजे मुलाखती तुमच्या की छायाचित्रे, हे एका ओळीत लिहावे. ज्या बातमीवर तुमचे नाव नाही ती जोडायची असेल, तर ती तुमचीच असल्याचे वृत्तसंपादकाचे दोन ओळींचे पत्र आताच घेऊन ठेवावे. दोन वर्षांनी तो संपादक त्या वृत्तपत्रात असेलच याची खात्री नसते.

दुसरी पायरी : देश निवडताना काम करण्याची परवानगी वाचा

ब्रिटनपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडचे पुष्कळ अर्ज तिकडेच जातात. तिथला पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एका वर्षाचा असतो. कार्डिफ विद्यापीठात १९७० पासून पत्रकारिता शिकवली जाते, आणि लंडनच्या सिटी सेंट जॉर्जेस (पूर्वीच्या सिटी) विद्यापीठाचा पत्रकारिता विभागही जुना व नावाजलेला आहे. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते. अभ्यासक्रमाचाच भाग असलेली आणि मूल्यमापन होणारी इंटर्नशिप या २० तासांत मोजली जात नाही. इथपर्यंत सगळे ठीक वाटते. पण दोन गोष्टी माहितीपत्रकात ठळकपणे लिहिलेल्या नसतात.

पहिली, या व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे, आणि मुक्त पत्रकारिता हा स्वयंरोजगारच समजला जातो. म्हणजे लंडनमध्ये राहून एखाद्या भारतीय संकेतस्थळाला मानधन घेऊन लेख पाठवणे हासुद्धा नियमभंग ठरू शकतो. "पैसे तर भारतातल्या खात्यात जमा होतात" हा युक्तिवाद चालत नाही, कारण काम ब्रिटनमध्ये बसून होत असते. दुसरी, एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात उन्हाळा ही सुट्टी धरली जात नाही. तो प्रबंधाचा काळ असतो, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये पूर्णवेळ काम करून खर्च भागवू, हे घरी मांडलेले गणित चुकते. पदवी मिळाल्यानंतर मात्र ग्रॅज्युएट व्हिसावर मुक्त पत्रकारितेसह कोणतेही काम करता येते. त्याची मुदत दोन वर्षांची आहे. १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना ती १८ महिन्यांची होणार आहे. यापुढे जाणाऱ्यांनी हा फरक आपल्या हिशेबात धरावा.

अमेरिकेत गणित निराळे आहे. मिझुरी विद्यापीठाचे पत्रकारिता विद्यालय १९०८ सालचे आणि कोलंबियाचे १९१२ सालचे. मिझुरीत विद्यार्थी शहराचे खरे दैनिक आणि खरी दूरचित्रवाहिनी चालवण्यात भाग घेतात; ज्याला वृत्तकक्ष आतून पाहायचा आहे त्याला मी हीच पद्धत आधी सुचवतो. एफ-१ व्हिसावर विद्यापीठाबाहेरच्या इंटर्नशिपसाठी 'सीपीटी' नावाची परवानगी लागते आणि ती साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावरच मिळते. त्यामुळे दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात तिचा उपयोग जवळजवळ नसतो आणि सारी भिस्त 'ओपीटी'वर, म्हणजे पदवीनंतर १२ महिने आपल्या विषयातले काम करण्याच्या परवानगीवर, येते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेतला, तर मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप करता येते. मात्र सीपीटी पूर्णवेळ १२ महिने वापरली की ओपीटीचा हक्क जातो. ओपीटीसाठी अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, त्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही आणि आठवड्याला किमान २० तास आपल्या विषयातले काम दाखवावे लागते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळणारी वाढीव मुदत पत्रकारितेला सहसा मिळत नाही, म्हणून आपल्या शाखेचा सांकेतिक क्रमांक प्रवेश घेण्याआधीच विद्यापीठाला विचारावा.

जर्मनीचे आकर्षण शुल्काचे असते, आणि ते खरेही आहे : बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे आणि अभ्यासक्रमाने सक्तीची केलेली इंटर्नशिप त्यात मोजली जात नाही. अडचण भाषेची आहे. जर्मन वृत्तकक्षात उमेदवारी करायची, तर सुपरमार्केटमध्ये उपयोगी पडणारी जर्मन पुरत नाही, पत्रकार परिषदेत उलटप्रश्न विचारण्याइतकी लागते. बॉनमधील डॉइचे वेले अकादमी विद्यापीठांच्या साहाय्याने इंटरनॅशनल मीडिया स्टडीज हा इंग्रजी-जर्मन अभ्यासक्रम चालवते. त्याला शुल्क आहे आणि आधीचा माध्यमांतला अनुभव मागितला जातो. आपल्याकडच्या ज्या मुलांना पदवीनंतर लगेच जाण्याची घाई असते, त्यांना मी हीच अट दाखवतो.

चौथा मार्ग युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस योजनेचा. पत्रकारिता, माध्यमे आणि जागतिकीकरण या विषयाच्या दोन वर्षांच्या संयुक्त पदवीचे पहिले वर्ष डेन्मार्कमधल्या ऑर्हुस येथे असते आणि दुसरे वर्ष आम्सटरडॅम किंवा प्राग यांसारख्या ठिकाणी. शिष्यवृत्ती मिळाली, तर शुल्क माफ आणि दरमहा १,४०० युरो. मध्यमवर्गीय घरासाठी याहून चांगला सौदा मला माहीत नाही. अर्थातच जगभरातून अर्ज येतात, तेव्हा एवढ्या एकाच दोरीला लटकू नये.

कॅनडात सत्र चालू असताना आठवड्याला २४ तास आणि ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास काम करता येते. आणखी एक : पर्यटक व्हिसावर जाऊन ओळखीच्या संपादकाकडे महिनाभर बसणे, मग ते फुकट का असेना, कोणत्याही देशात करू नये.

तिसरी पायरी : अर्ज

इंग्रजीची परीक्षा आधी उरकून घ्यावी. पत्रकारितेच्या विभागांची मागणी इतर विषयांपेक्षा वरची असते. आयएल्ट्समध्ये ७ किंवा ७.५ सर्रास मागतात आणि लेखनाच्या भागात वेगळी किमान अट घालतात. आपली मुले बोलण्यात गुण मिळवतात आणि लेखनात अडकतात, कारण निबंध लिहायची सवय सुटलेली असते. या परीक्षेचा निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो.

गुणपत्रिकांच्या प्रमाणित प्रती, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, विद्यापीठाकडून काढायला किती दिवस लागतात याचा अंदाज करू नये, तर तीन महिने धरावेत. मी माझ्या वेळी तीन आठवडे धरले होते. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाताना माझ्या आडनावाचे स्पेलिंग दोन गुणपत्रिकांवर वेगळे असल्याचे निघाले आणि ते सुधारण्यात माझी एका शिष्यवृत्तीची तारीख गेली. मराठी आडनावे हिंदी भाषक लिपिकाच्या हातून इंग्रजीत जाताना असे हमखास होते. पासपोर्ट, दहावीची गुणपत्रिका आणि पदवी या तिन्हींवरचे नाव आज संध्याकाळीच शेजारी ठेवून पाहावे. पासपोर्टमध्ये दुरुस्ती लागली, तर आपल्यासाठी प्रादेशिक कार्यालय भोपाळचे आहे.

उद्देशपत्रात, ज्याला सगळे एसओपी म्हणतात, "लहानपणापासून मला लिहिण्याची आवड होती" हे वाक्य कृपया लिहू नये. निवड समितीला दोन गोष्टी हव्या असतात : तुम्ही कोणत्या प्रकारच्या बातम्या करता, आणि त्या अधिक चांगल्या करण्यासाठी याच अभ्यासक्रमातला कोणता भाग लागतो. शिफारसपत्रे दोन असतील, तर एक प्राध्यापकांचे आणि एक संपादकाचे घ्यावे. संपादक मोकळे नसतात. त्यांना आपल्या तीन बातम्यांची यादी आणि शेवटची तारीख पंधरा दिवस आधी पाठवावी, काहीच माहिती न देता नुसते पत्र मागू नये.

चौथी पायरी : पैसा

घरातल्या चर्चेत शुल्क आणि राहण्याचा खर्च हे दोनच आकडे येतात. पण व्हिसा अडतो तो त्यांच्यामुळे नाही, तर पैसे कोणत्या खात्यात, कोणत्या स्वरूपात आणि किती दिवस होते यामुळे.

ब्रिटनसाठी उरलेले शुल्क आणि नऊ महिन्यांपर्यंतचा ठरावीक निर्वाहखर्च सलग २८ दिवस खात्यात असावा लागतो. लंडनसाठी हा दर जास्त आहे, लंडनबाहेर कमी, आणि तो वेळोवेळी वाढतो. खाते आई-वडिलांचे चालते. जन्मदाखला आणि त्यांचे संमतिपत्र जोडावे लागते. भविष्यनिर्वाह निधी, शेअर किंवा दागिने यांना इथे किंमत नाही. आमच्या घरी बाबांनी मुदतठेवी मोडून रक्कम बचत खात्यात आणली, मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस खोडत गेलो, आणि २३व्या दिवशी त्याच खात्यातून विम्याचा हप्ता आपोआप वळता झाला. शिल्लक मर्यादेच्या खाली गेली ती अवघ्या काही हजारांनी, पण मोजणी पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की हा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा, त्या खात्याला कोणताही हप्ता, वीजबिल किंवा एसआयपी जोडलेली नको, आणि लागणाऱ्या रकमेपेक्षा थोडी जास्तच शिल्लक ठेवा, कारण पौंडाचा दर त्या २८ दिवसांत स्थिर राहत नाही. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे. व्हिसा अभ्यासक्रमापेक्षा काही महिने जास्त मिळत असल्याने हा अधिभारही एका वर्षापेक्षा जास्त काळाचा भरावा लागतो.

जर्मनीत हेच काम 'ब्लॉक्ड', म्हणजे बंदिस्त, खाते करते. त्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात आणि दरमहा ९९२ युरो तुम्हाला परत मिळत जातात. त्याआधी भारतीय कागदपत्रांच्या तपासणीचे एपीएस प्रमाणपत्र लागते, त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे आणि गर्दीच्या महिन्यांत ते येण्यास वेळ लागतो. जर्मनीचा विचार असेल, तर बाकी काही करण्याआधी एपीएसचा अर्ज टाकावा.

कर्ज घ्यायचे असल्यास सरकारी बँका साडेसात लाखांच्या वरच्या रकमेला बहुधा तारण मागतात. घर आजोबांच्या नावावर असेल आणि वारसनोंद झालेली नसेल, तर बँकेचे काम तिथेच थांबते; आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या बाबतीत हा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. जुनी करप्रणाली निवडली असेल, तर कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात वजावट मिळते (१९६१ च्या कायद्यातले कलम ८०-ई). स्वतःच्या पैशांतून एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपेक्षा जास्त रक्कम बाहेर पाठवली, तर वरच्या रकमेवर बँक टीसीएस नावाचा आगाऊ कर घेते. वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर घेत नाही. हा कर बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो. म्हणून पैसे नियमित विवरणपत्र भरणाऱ्या माणसाच्या पॅनवरून पाठवावेत.

शिष्यवृत्त्यांपैकी ब्रिटनच्या चेव्हनिंगला २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा, कामाचा अनुभव लागतो आणि परतून दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एंडाउमेंट कर्जरूपाने मदत करते. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या घरांतल्या मुलांसाठी केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख. पात्र घरांनाच तिची माहिती नसते, हे पाहून वाईट वाटते.

पाचवी पायरी : व्हिसा

अमेरिकेच्या आणि जर्मनीच्या व्हिसासाठी मध्य प्रदेश मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे येतो. ब्रिटनसाठी क्षयरोगाची तपासणी त्यांनी मान्य केलेल्या दवाखान्यातूनच करावी लागते. घराजवळच्या डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही.

पत्रकारितेच्या विद्यार्थ्याने अमेरिकेच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सर्वांसाठी खुली ठेवण्यास सांगितले जाते. आपण तर लिहिण्याचाच धंदा शिकायला निघालेलो असतो. जुने लेखन घाईघाईने पुसून टाकावे असे माझे मत नाही, कारण रिकामी खाती अधिक संशयास्पद दिसतात. पण कोणती नोंद बातमी म्हणून केली होती आणि कोणती रागाच्या भरात, हे स्वतःला ठाऊक असावे आणि मुलाखतीत शांतपणे सांगता यावे. "पत्रकारिता करायला चाललो आहे" आणि "पत्रकारिता शिकायला चाललो आहे" या दोन उत्तरांतही फरक आहे. परदेशी माध्यमांच्या प्रतिनिधींसाठी आय नावाचा वेगळाच व्हिसा असतो, आणि पहिले उत्तर देणारा उमेदवार उगाच त्या रांगेतला वाटतो.

सहावी पायरी : इंटर्नशिप मिळवणे

मराठी मुलांना सर्वांत आधी आठवते ती बीबीसी मराठी. ही सेवा ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाली, पण तिचे काम भारतातूनच चालते आणि एप्रिल २०२४ पासून बीबीसीसाठी भारतीय भाषांतला मजकूर कलेक्टिव्ह न्यूजरूम ही भारतीय कंपनी तयार करते. मराठीच्या बळावर लंडनच्या मुख्यालयात बसू, अशी कल्पना करून ब्रिटन निवडणे चुकीचे ठरेल. हिंदीच्या बाबतीत डॉइचे वेलेचे बॉन हे ठिकाण अजूनही विचारात घेण्यासारखे आहे.

माझा कल छोट्या वृत्तपत्रांकडे आहे. ब्रिटनमधल्या लेस्टर किंवा हॅरोसारख्या ठिकाणी भारतीय वस्ती मोठी आहे आणि स्थानिक बातमीदाराला हिंदी येत असेलच असे नाही. तिथल्या वृत्तसंपादकाला पाठवायचे पत्र आठ-दहा ओळींचे असावे. इंग्रजीत लिहायचे त्याचा आशय असा :

"मी अमुक विद्यापीठात शिकते. भारतातल्या माझ्या शहरात महानगरपालिकेच्या बैठकांचे वार्तांकन मी एक वर्ष केले. तुमच्या नगरपरिषदेच्या गेल्या महिन्याच्या इतिवृत्तात कचरा संकलनाच्या कंत्राटाचा विषय पुढे ढकललेला दिसतो. ज्या तीन रस्त्यांबद्दल तक्रारी आहेत तिथल्या रहिवाशांशी मी हिंदीत बोलू शकते. अमुक दोन आठवडे मी मोकळी आहे. हे काम माझ्या अभ्यासक्रमाचा भाग असल्याने विद्यापीठ त्याचे पत्र देईल. दोन बातम्या सोबत जोडल्या आहेत."

या पत्रात 'शिकण्याची संधी द्यावी' हे शब्द नाहीत, हे पाहावे. संपादकाला शिकाऊ नको असतो, त्याला उद्याची बातमी हवी असते. अभ्यासक्रमाचा भाग असल्याचे वाक्य मात्र ठेवावे, कारण ब्रिटनमध्ये अभ्यासक्रमासाठी आवश्यक असलेल्या एक वर्षापर्यंतच्या इंटर्नशिपला किमान वेतनाचा नियम लागू होत नाही आणि त्यामुळे छोट्या वृत्तपत्राची अडचण दूर होते. ही सवलत त्यांच्या सोयीची आहे, तुमच्या नव्हे. तेव्हा प्रवासखर्च तरी जरूर मागावा.

अशा पत्रासाठी हातात बातमी कशी आणायची? आपल्याकडचा माहिती अधिकार फक्त भारतीय नागरिकांना आहे, केंद्रीय नियमांप्रमाणे त्याला १० रुपये शुल्क लागते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. ब्रिटनच्या २००० सालच्या कायद्यात नागरिकत्वाची अट नाही, अर्ज साध्या ईमेलवर करता येतो आणि उत्तराची मुदत कामकाजाचे २० दिवस आहे. म्हणजे इंदुरात बसून, विमानाचे तिकीट काढण्याआधी, तुम्ही ज्या गावात जाणार आहात तिथल्या नगरपरिषदेला बेकायदा टाकलेल्या कचऱ्याच्या किंवा वसतिगृहांच्या तपासणीच्या आकड्यांबद्दल विचारू शकता. अमेरिकेचा संघराज्य पातळीवरचा कायदाही परदेशी माणसाला अर्ज करू देतो. माझ्या ओळखीतल्या ज्या मुलांनी हे केले, त्यांच्याकडे पहिल्याच आठवड्यात वर्गात सांगायला बातमी होती. इंग्लंडमध्ये नगरपरिषदेच्या खुल्या बैठकांचे चित्रीकरण करण्याची मुभा २०१४ पासून आहे. वॉर्डाच्या बैठका बसून काढलेल्या मुलाला तिथे नवखेपणा वाटणार नाही. उलट चहा मिळत नाही म्हणून थोडा हिरमोड होईल.

अमेरिकेत इंटर्नशिप पक्की झाली, तरी सीपीटीची नोंद आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या प्रमाणपत्रावर, होईपर्यंत एक दिवसही वृत्तकक्षात जाऊ नये. त्या नोंदीत संस्थेचे नाव आणि तारखा असतात. मुदत वाढली तर नोंदही वाढवून घ्यावी लागते. जर्मनीत 'प्राक्टिकुम' म्हणजे काही आठवड्यांची किंवा महिन्यांची उमेदवारी आणि 'वोलोंटारियाट' म्हणजे वृत्तसंस्थेतले दीड ते दोन वर्षांचे रीतसर प्रशिक्षण. दुसऱ्याला स्वयंसेवा समजून सोडून देऊ नये, तिथल्या पत्रकारितेचा खरा दरवाजा तोच आहे. जर्मनीतही मुक्त पत्रकारितेसाठी परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते.

सातवी पायरी : वृत्तकक्षात पाऊल टाकण्याआधी

ब्रिटिश अभ्यासक्रम घेणाऱ्यांनी तो एनसीटीजे या पत्रकार-प्रशिक्षण संस्थेची मान्यता असलेला आहे का, ते पाहावे. तसा असेल, तर टीलाइन नावाची लघुलिपी शिकावी लागण्याची शक्यता असते आणि मिनिटाला १०० शब्दांचा वेग हे मानाचे माप मानतात. ध्वनिमुद्रकाच्या काळात हे कशाला, असे आपल्याला वाटते. पण इंग्लंडच्या न्यायालयात परवानगीशिवाय ध्वनिमुद्रण करता येत नाही. टीलाइनचा सराव जाण्याआधी दोन महिने घरी सुरू केला, तर तिथला सर्वांत रडवणारा विषय सोपा जातो.

खरी घसरण कायद्यात होते. आपल्याकडे कोणाला अटक झाली की दुसऱ्या दिवशी त्याचा पूर्वेतिहास, शेजाऱ्यांची मते आणि पोलिसांनी सांगितलेला कबुलीजबाब छापून येतो. इंग्लंडमध्ये अटक झाली की ते प्रकरण कायद्याच्या भाषेत 'चालू' होते, आणि ज्यूरीवर परिणाम होईल असा मजकूर छापणे हा न्यायालयाचा अवमान ठरू शकतो. इंदुरात गुन्हेवार्ता केलेल्या मुलाची सारी तालीमच तिथे उलटी पडते. जुन्या गुन्ह्यांचा तो परिच्छेद आपोआप हातून लिहिला जातो आणि उपसंपादक तो पाहून खुर्चीतून उठतो. बदनामीचा कायदाही वेगळा आहे : आपल्याकडे बदनामी हा अजून फौजदारी गुन्हा आहे, इंग्लंडमध्ये फौजदारी तरतूद रद्द झाली आहे, पण दिवाणी दाव्याची धास्ती प्रत्येक वाक्यावर असते. जर्मनीत रस्त्यावरच्या माणसाचे छायाचित्रही संमतीशिवाय छापताना विचार करावा लागतो.

मोर्चे आणि निदर्शने यांच्या वार्तांकनाला जाताना संपादकाचे पत्र सोबत असावे आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहिलेला असावा, कारण फोन जप्त झाला तर क्रमांकही जातो. नेमणूक नसेल, तर विद्यार्थी व्हिसावर अशा ठिकाणी हौसेने जाऊ नये. विद्यार्थ्याच्या आरोग्यविम्यात कॅमेरा येत नाही. त्याचा विमा वेगळा काढावा.

परत येण्याची शक्यता धरून

अनेकांना पुढे कधीतरी विद्यापीठात शिकवायचे असते. ब्रिटनची एका वर्षाची पदव्युत्तर पदवी आपल्याकडे पूर्वी समकक्ष मानली जात नसे. जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांत परस्परमान्यतेचा करार झाल्यावर ती अडचण कमी झाली. तरीही समकक्षतेसाठी अर्ज करताना अभ्यासक्रमाची सविस्तर रूपरेषा, प्रत्येक विषयाचे श्रेयांक आणि इंटर्नशिपचे मूल्यमापन झाल्याचा पुरावा मागितला जातो. विद्यापीठाचे ईमेल खाते पदवीनंतर काही महिन्यांनी बंद होते आणि त्याबरोबर ही सारी कागदपत्रेही जातात. म्हणून शेवटचा प्रबंध जमा केला त्याच आठवड्यात विभागाकडून शिक्क्याची प्रत घ्यावी, छापील बातम्यांची पाने आणि चित्रफिती स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, आणि ज्या वृत्तसंपादकाच्या हाताखाली काम केले त्याच्याकडून तारखा घातलेले पत्र मागून घ्यावे.